राजधानी ओस पडली, विश्वास उरला
अभ्यासपाठ : वसई, उत्तर प्रांताची जुनी राजधानी



रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात थोडा वेळ थांबून आजूबाजूला पाहिले, तर आपला धर्मग्राम किती गावांचा मिळून झाला आहे हे लक्षात येते. कोणी अहमदनगर जिल्ह्यातून आले, कोणी वसईहून, कोणी गोवा, मंगळूर किंवा केरळमधून. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे एमआयडीसी आली, मग चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. आपले आईवडील किंवा आपण स्वतः या कामाच्या शोधात इथे आलो. त्यामुळे धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले कधी कधी विचारतात, "आपल्याकडे जुने असे काय आहे?" गोव्यात मोठमोठी चर्च आहेत, युरोपात कॅथेड्रल आहेत, आपल्याकडे शेड, कंपन्या आणि सोसायट्या. मग आपला वारसा कोणता?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आज आपण वसईचा अभ्यास करू. वसई एकेकाळी एका प्रांताची राजधानी होती. आज त्या राजधानीत छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत, आणि तरीही वसईचा विश्वास जिवंत आहे. हे कसे घडले, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

१. आधी एक लहान शहर : फ्रिबूर्ग

तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण घेऊ. स्वित्झर्लंडमध्ये फ्रिबूर्ग नावाचे एक लहान शहर आहे. ११५७ साली वसलेले हे शहर त्याच नावाच्या प्रांताची (तिकडे प्रांताला कँटन म्हणतात) राजधानी आहे. शहराची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. आपल्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सतरा लाखांवर होती, म्हणजे फ्रिबूर्ग आपल्या एखाद्या मोठ्या उपनगराएवढेच म्हणायचे. पण तिथले संत निकोलसचे कॅथेड्रल आजही वापरात आहे. येशूसंघीय धर्मगुरू संत पीटर कॅनिसियस १५८० साली तिथे गेले आणि १५८२ साली तिथे संत मायकल कॉलेजची सुरुवात झाली. त्या कॉलेजात आजही मुले शिकतात. लोकांना श्रद्धा समजावी म्हणून धर्मशिक्षणाची पुस्तके लिहिणारे हे संत २१ डिसेंबर १५९७ रोजी फ्रिबूर्गमध्येच मरण पावले. त्यांची कबर संत मायकलच्या चर्चमध्ये आहे.

त्याच वर्षी, म्हणजे १५९७ साली, जगाच्या दुसऱ्या टोकाला जपानमध्ये वसईच्या एका सुपुत्राने क्रूसावर प्राण दिले. त्यांचे नाव संत गोन्सालो गार्सिया. त्यांचे शहरही राजधानीचे होते. तिथेही येशूसंघीयांचे कॉलेज होते आणि अनेक चर्च होती. फ्रिबूर्गच्या घंटा आजही जागेवर वाजतात. वसईच्या घंटांचे मात्र वेगळेच झाले. ते पुढे पाहू.

२. राजधानी कशी घडली

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व आसपासचा मुलूख तहाने पोर्तुगिजांना दिला. तेव्हा नुनो द कुन्हा पोर्तुगिजांचा गव्हर्नर होता. दमणपासून चौलपर्यंतच्या किनाऱ्यावरील पोर्तुगीज मुलखाला 'उत्तर प्रांत' म्हणत. गोवा ही सगळ्या पोर्तुगीज हिंदुस्थानची राजधानी, आणि या उत्तर प्रांताची राजधानी वसई. उत्तरेचा जनरल वसईत राहत असे.

तटाच्या आत सुमारे ११० एकरांचे शहर वसले. एक दरवाजा समुद्राकडे, दुसरा जमिनीकडे. बुरुजांना सेंट सेबास्तियन, सेंट पॉल, सेंट पीटर अशी संतांची नावे दिली होती. वसईत जहाजे बांधली जात. वसईचा दगडही नावाजलेला होता. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेच्या बांधकामात वसईहून नेलेला काळा दगड वापरलेला आहे. म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र अवशेष जिथे आहेत, त्या वास्तूत आपल्या महाराष्ट्राचा दगड आहे.

स्वतः संत फ्रान्सिस झेवियर १५४४ आणि १५४८ साली वसईला येऊन गेले. त्यानंतर थोड्याच काळात येशूसंघीयांनी तिथे काम सुरू केले. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन हे व्रतस्थही आले. प्रत्येकाचे चर्च आणि मठ उभे राहिले. त्यांपैकी काहींचे अवशेष आजही ओळखता येतात.

येशूसंघीयांचे पवित्र येशूनामाचे चर्च : याचा दर्शनी भाग अजून उभा आहे. दारावरचे खांब आणि कोरीवकाम पाहण्यासारखे आहे.

संत अंतोनीचे चर्च : हे फ्रान्सिस्कनांचे. त्याच्या जमिनीत पोर्तुगीज सरदारांच्या थडग्यांच्या कोरीव शिळा आहेत. माणूस कितीही मोठा असला तरी शेवटी लोक त्याच्या नावावरून चालत जातात, याची आठवण त्या शिळा करून देतात.

संत जोसेफचे चर्च : हे शहराचे मुख्य चर्च. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या काळात १६०१ साली त्याची डागडुजी झाल्याचे तिथल्या शिलालेखावर नोंदलेले आहे. त्याचा उंच मनोरा दुरूनही दिसतो.

३. तटाच्या आत आणि तटाबाहेर

इथपर्यंतचे वर्णन ऐकून आपल्याला अभिमान वाटेल. पण अभ्यास करायचा तर सगळाच करायला हवा.

हे शहर सर्वांचे नव्हते. तटाच्या आत रात्री फक्त ख्रिस्ती माणसालाच राहता येई. इतर कारागीर आणि व्यापाऱ्यांना अंधार पडण्याआधी बाहेर जावे लागे, अशी नोंद ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. मोठे मान पोर्तुगीज सरदारांचे असत. त्या काळात या प्रांतात देवळे पाडली गेली, हिंदूंच्या सार्वजनिक उत्सवांवर बंधने आली आणि देवस्थानांच्या जमिनी चर्चकडे गेल्या. हे आपल्या शुभवर्तमानाला धरून नव्हते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी महाज्युबिली वर्षात, १२ मार्च २००० रोजी, ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या जबरदस्तीबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. वसईचा इतिहास वाचताना ती क्षमायाचना आपलीही आहे, हे विसरू नये.

परंतु त्याच काळात तटाबाहेर दुसरे काहीतरी वाढत होते. नारळी-पोफळीच्या वाड्यांत, केळीच्या बागांत, पानमळ्यांत आणि कोळीवाड्यांत शेतकरी, मच्छीमार आणि कारागीर ख्रिस्ती झाले. सामवेदी (कुपारी), वाडवळ, कोळी, भंडारी अशा समाजांतले हे लोक. त्यांनी आपली बोली सोडली नाही, शेती सोडली नाही, लग्नातली गाणी आणि लुगड्याची पद्धतही सोडली नाही. नंदाखाल, पापडी, रमेदी, माणिकपूर, आगाशी अशा गावांतून त्यांची चर्च उभी राहिली. राजधानीच्या थाटामाटात त्यांना फारसे स्थान नव्हते. पुढे मात्र विश्वास टिकवण्याचे काम त्यांच्याच वाट्याला आले.

४. वसईचे संत

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईची. किल्ल्यातल्या येशूसंघीयांकडे ते शिकले आणि कोवळ्या वयातच धर्मगुरूंसोबत जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी इतकी चांगली आत्मसात केली की ते धर्मशिक्षक म्हणून काम करू लागले. येशूसंघात जाण्याची त्यांची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. मग त्यांनी व्यापार केला. व्यापार चांगला चालला होता, पण मन रमेना. शेवटी मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. ते धर्मगुरू झाले नाहीत, हे लक्षात घ्या.

पुढे फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. राज्यकर्ता हिदेयोशी याने सुरुवातीला त्यांना राहू दिले, पण नंतर तो उलटला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रूसावर देण्यात आले. त्यांत ६ फ्रान्सिस्कन, ३ येशूसंघीय आणि १७ प्रापंचिक होते. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्या सर्वांना संतपद दिले. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून गोन्सालो गार्सिया यांचा मान आहे.

या जीवनात आपल्यासारख्यांसाठी दोन गोष्टी आहेत. पहिली, ते परमुलखात गेले आणि तिथल्या लोकांची भाषा शिकले. दुसरी, त्यांचे काम दुभाष्याचे होते. एका माणसाचे म्हणणे दुसऱ्याला समजेल असे सांगायचे. कारखान्यात, कार्यालयात, शेजारात वेगवेगळ्या भाषांच्या माणसांबरोबर आपण रोज वावरतो. त्यांचे म्हणणे समजून घेणे आणि आपले त्यांना समजेल असे मांडणे, हीदेखील ख्रिस्ताची साक्ष आहे.

५. १७३९ : राजधानी पडली

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली. १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजी आप्पांनी वसईला वेढा घातला. तट मजबूत होता. सुरुंग लावून भिंती उडवल्या गेल्या, हल्ल्यामागून हल्ले झाले. मराठ्यांची हजारो माणसे कामी आली. आतल्या पोर्तुगिजांचेही फार हाल झाले. अखेर १६ मे १७३९ रोजी कप्तान कायेतानो द सोझा परेरा यांनी शरणागतीच्या अटींवर सही केली.

या अटी आपण सर्वांनी माहीत करून घ्याव्यात अशा आहेत. इतके रक्त सांडल्यावरही आतल्या सैन्याला आणि रहिवाशांना सन्मानाने, आपल्या चीजवस्तूंसह जाऊ देण्यात आले. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना धर्म पाळण्याची मोकळीक आणि काही चर्च चालू ठेवण्याची परवानगी देण्यात आली. पुढे १७६० च्या सुमारास साष्टीतून प्रवास केलेल्या आंकेतिल दु पेराँ या फ्रेंच विद्वानाने तिथले ख्रिस्ती मराठ्यांच्या राज्यात मोकळेपणाने सण साजरे करतात, असे लिहून ठेवले आहे. चिमाजी आप्पांनी विजयानंतर वज्रेश्वरी देवीचे मंदिर बांधून आपला नवस फेडला. म्हणजे तेही आपल्या श्रद्धेने चालणारे होते, आणि शब्द पाळणारेही. वसईच्या किल्ल्यात आज त्यांचे स्मारक आहे. आपली मुले तिथे गेली, तर चर्चच्या अवशेषांसमोर थांबतात तशीच त्या स्मारकासमोरही आदराने थांबावीत.

पोर्तुगीज सरदार गेले, परदेशी व्रतस्थ गेले. वसईचे नाव काही काळ 'बाजीपूर' झाले. शहरातली मोठी चर्च हळूहळू ओस पडली. छपरे कोसळली, भिंतींतून वडा-पिंपळाची मुळे शिरली. पण तटाबाहेरची माणसे कुठे जाणार? त्यांची शेती तिथे, होडी तिथे, पूर्वजांच्या कबरी तिथे. ती राहिली. मोजक्या देशी धर्मगुरूंच्या आधाराने, घरोघरी जपमाळ म्हणत, मुलांना प्रार्थना तोंडपाठ करून देत त्यांनी विश्वास सांभाळला. त्यांच्यावर आता राजसत्तेचा दबाव नव्हता आणि राजसत्तेचा आधारही नव्हता. सोडून द्यायचे असते तर कोणी अडवले नसते. त्यांनी सोडले नाही.

६. आपल्या वाटेवरची घंटा

किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा मराठे विजयाची खूण म्हणून घेऊन गेले. त्या महाराष्ट्रभर निरनिराळ्या देवळांत बसवल्या गेल्या. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर एक आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची आकृती स्पष्ट दिसते. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराची घंटा प्रसिद्ध आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. आणि एक आपल्याच वाटेवर आहे. चाकणहून राजगुरुनगरमार्गे भीमाशंकरला गेलो, की देवळाच्या आवारात शनिमंदिरासमोर दोन खांबांच्या मध्ये टांगलेली मोठी घंटा दिसते. तीही वसईची, असे सांगतात.

आपल्यापैकी अनेक जण पावसाळ्यात भीमाशंकरला जातात. ती घंटा पाहून मनात काय यावे? आपले हिरावले, असे काहींना वाटेल. पण आपण सर्व बाजूंनी विचार करू. युद्धात घंटा वितळवून तोफा ओतण्याची रीत जगभर होती. या घंटा वितळवल्या नाहीत. त्या प्रार्थनेच्याच जागी नेऊन टांगल्या गेल्या आणि जवळजवळ तीनशे वर्षे जपल्या गेल्या. माणसाला देवापुढे उभे राहण्याची आठवण करून द्यावी, यासाठी ती घंटा ओतली होती. तिथे गेलो तर तिच्यापुढे क्षणभर शांत उभे राहावे, ज्यांनी ती ओतली आणि ज्यांनी ती जपली, त्या दोघांसाठी प्रार्थना करावी. वाद घालण्याची ती जागा नाही.

७. घंटा नसतानाही

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात श्रद्धावंतांना जिवंत दगडांची उपमा दिली आहे. वसईच्या इतिहासात ही उपमा डोळ्यांना दिसते. कोरलेले दगड ढासळले, जिवंत दगड टिकले. २२ मे १९९८ रोजी मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा होऊन वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे २००९ साली आपल्या पुणे धर्मप्रांताचे बिशप म्हणून आले. म्हणजे वसईचा आणि आपला संबंध केवळ इतिहासाच्या पुस्तकातला नाही.

वसईने मराठीलाही मोठी देणगी दिली. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन अनेक वर्षे केले, वसईची हिरवाई वाचवण्याच्या चळवळीत ते पुढे होते, आणि 'सुबोध बायबल' या त्यांच्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये ते देवाघरी गेले. चारशे वर्षांपूर्वी तटाबाहेर राहणाऱ्या समाजातला एक धर्मगुरू मराठी सारस्वतांच्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून बसला, ही वसईच्या वारशाची खरी फळे आहेत.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या पट्ट्यात जुने चर्च नाही, हे खरे. पण वसईला जेव्हा चर्चचे छप्पर उरले नाही, तेव्हा ज्या गोष्टींनी विश्वास तारला त्या सगळ्या आपल्याकडे असू शकतात : संध्याकाळची कौटुंबिक जपमाळ, आजीने शिकवलेल्या प्रार्थना, आपल्या भाषेतली मिस्सा, शेजाऱ्याशी सलोखा. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमध्ये नेलेल्या लोकांना पत्र लिहिले होते (यिर्मया, अध्याय २९). तिथेच घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात तुम्ही आहात त्याचे भले चिंता, असा त्याचा आशय आहे. आपणही कामासाठी परगावी आलेली माणसे आहोत. गाव दूर राहिले म्हणून विश्वासही गावीच ठेवून यायचा नसतो. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी यांच्या धकाधकीत घरची प्रार्थना मागे पडते, हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण ती एका पिढीत बंद झाली, तर पुढच्या पिढीला शिकवणार कोण? आपली मोठी चर्च कधी उभी राहतील ती राहोत. हा धागा आपल्या हातून तुटू नये.

विचारासाठी व चर्चेसाठी प्रश्न

१. वसईचे शहर ओस पडले, पण गावांतला विश्वास टिकला. याची कोणती कारणे तुम्हाला दिसतात?

२. तटाच्या आत आणि बाहेर असा भेद आपल्या धर्मग्रामात कुठे आहे का? नवीन आलेल्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या कुटुंबाला आपण कसे वागवतो?

३. १७३९ च्या तहात ख्रिस्ती लोकांना दिलेला शब्द पाळला गेला. आपल्या शेजारी कोणत्या हिंदू, मुस्लिम किंवा बौद्ध कुटुंबाने आपल्याला अडचणीत साथ दिली? मुलांना त्याविषयी सांगा.

४. तुमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक प्रार्थना, गीत किंवा प्रथा कोणती? ती लिहून ठेवा आणि पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात आणा.

या आठवड्याचा संकल्प : आठवड्यातून निदान एक संध्याकाळ, पाळी सांभाळून, सर्व कुटुंबाने एकत्र जपमाळ म्हणावी. संत गोन्सालो गार्सिया व सोबती रक्तसाक्षींचा स्मृतिदिन ख्रिस्तसभा ६ फेब्रुवारीला पाळते. तोपर्यंत हा संकल्प अंगवळणी पडावा.

प्रार्थना : हे प्रभू येशू, वसईच्या वाड्यांतून आणि कोळीवाड्यांतून ज्यांनी तुझे नाव जपले, त्यांच्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या पूर्वजांच्या हातून झालेल्या चुकांची क्षमा कर. या कारखान्यांच्या गावात आम्हांला तुझे जिवंत दगड कर, आणि आमच्या मुलांच्या ओठी तुझे नाव राहू दे. संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.